फादर टॉमस स्टीफन्स आणि भाषाभगिनींची फारकत

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही लिहून द्यावे, अशी इच्छा समितीने प्रकट केली, तेव्हा वंदनीय फादर टॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव आमच्या मनात आपोआप उभे राहिले. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ते मराठी ख्रिस्ती घराघरांत परिचित आहेत, आणि उपवासकाळात त्यांच्या ओव्या म्हणणारी माणसे आमच्या पाहण्यातली आहेत. पण त्यांची काव्यशक्ती हा आजचा आमचा विषय नाही. स्मरणिकेची तयारी चालू असता आमच्या मंडळीत एक वाद निघाला, त्याने हे लिखाण निराळ्या वाटेला लावले.

वाद असा की, स्मरणिकेत कोकणी लेख घ्यावेत किंवा नाही. आमच्या धर्मग्रामात जशी पिढीजात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, तशी गोव्याहून व मंगळूरकडून येऊन स्थायिक झालेली कोकणी कुटुंबेही पुष्कळ आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे पडले की, कोकणी ही मराठीचीच बोली असल्यामुळे मराठी लेख घेतले म्हणजे तिचीही सोय झाली. दुसऱ्या पक्षास हे बोलणे फार लागले. कोकणी ही मराठीची लेक नसून बहीण आहे, किंबहुना थोरली बहीण आहे, असे ते म्हणू लागले. बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला, दोन जुने स्नेही एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि अखेरीस ह्या दोन भाषा वेगळ्या कोणत्या शतकात झाल्या तेवढे सांगून निवाडा करावा, असे गाऱ्हाणे आमच्यापुढे आले. निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या पुरुषाने मराठी व कोकणी ह्या दोन्ही भाषांत आपल्या हाताने ग्रंथ लिहिले, आणि ज्याने ह्या देशाच्या भाषांचे लॅटिन व ग्रीक भाषांशी असलेले साम्य युरोपियांपैकी अगदी आरंभी टिपून ठेविले, त्याचे चरित्र सांगितले असता प्रश्नाचे स्वरूप तरी स्पष्ट होईल, असे आम्हांस वाटले.

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंड देशात विल्टशर परगण्यातील बुश्टन नामक खेड्यात इसवी सन १५४९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. तो काळ राणी एलिझाबेथ हिचा. कॅथलिक श्रद्धेने उघडपणे राहणे तिच्या राज्यात संकटाचे झाले होते. टॉमस पाउंड नावाचा एक श्रद्धावान गृहस्थ, जो पूर्वी दरबारी वावरलेला होता, त्याच्या सहवासात तरुण स्टीफन्स राहिले. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा असा बेत ठरला होता. पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र निसटून रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी सान्त अन्द्रेआ येथील नवशिष्यगृहात दाखल झाले. स्वदेश त्यांना पुन्हा दिसला नाही.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे गलबत सुटले व २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. ह्या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांस पत्राने कळविले. ते पुढे हॅक्लूट ह्याच्या सफरींच्या संग्रहात १५८९ साली छापले गेले, आणि इंग्लंडातील व्यापाऱ्यांनी ते मोठ्या आवडीने वाचले. हिंदुस्थानात वास्तव्य करून राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज असा मान फादर स्टीफन्स ह्यांस दिला जातो. गोव्यास धर्मगुरुपदाची दीक्षा झाल्यावर त्यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली, आणि उरलेले सुमारे चाळीस वर्षांचे आयुष्य प्रायः तेथेच गेले. ही साष्टी गोव्यातली, मडगावच्या बाजूची; मुंबईलगतची साष्टी नव्हे. नामसादृश्यामुळे आमच्याकडील पुष्कळांचा येथे घोटाळा होतो.

१५८३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठ्या धामधुमीचे गेले. साष्टीत देवळे पाडली गेली होती, आणि लोकांच्या मनात त्याचा संताप धुमसत होता. त्या वर्षी जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधू मारले गेले. मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या दुःखद कामात फादर स्टीफन्स ह्यांस पुढाकार घ्यावा लागला. पुढे गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून विश्वासघाताने ठार करण्यात आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. कुंकळ्ळीची हकीकत सांगताना ते वगळण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूबेरी, फिच आदी काही इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यास आणले गेले, आणि त्यांची जामिनावर सुटका होण्यास फादर स्टीफन्स ह्यांची रदबदली उपयोगी पडली. ह्या सर्व गडबडीत, गोव्यास पाऊल ठेविल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी पॅरिस येथे असलेल्या आपल्या रिचर्ड नामक भावास एक लॅटिन पत्र लिहिले. आमच्या विषयाचा उगम ह्या पत्रात आहे.

भाषांविषयी त्या पत्रात जेमतेम दोनतीन वाक्ये आहेत. त्यांचा आशय असा की, ह्या प्रदेशात भाषा पुष्कळ आहेत. त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात. त्यांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे. वाक्प्रयोग आणि वाक्यबंध तर विलक्षण आहेत. आणि येथील अक्षरे सुटे वर्ण नसून पूर्ण उच्चार दाखवितात, व्यंजनाला जसजसा स्वर लागावा तसतशी ती बदलतात. एवढेच. संस्कृताचे नाव त्यात नाही. ह्या भाषा एका मातेच्या पोटच्या आहेत असाही दावा नाही. कित्येक लेखक उत्साहाच्या भरात हे दोन्ही त्यांच्या पदरी बांधतात, ते बरोबर नाही. फादर स्टीफन्स बोलत होते ते लोकांच्या तोंडी असलेल्या भाषांविषयी.

त्यांनी साम्य पाहिले ते रचनेत, शब्दांत नव्हे, ह्याचे आम्हांस विशेष वाटते. त्यांच्यानंतर थोड्याच दिवसांनी आलेला फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी शब्दांकडे पाहत होता. संस्कृतातील देव, सर्प आणि सहा, सात, आठ, नऊ ह्या संख्या आपल्या इटालियन शब्दांशी जुळतात, असे त्याने १५८५ साली लिहिले. शब्द ही हाती लागणारी वस्तू असल्यामुळे ती प्रथम दिसते. पण शब्द उसने मिळतात. पाव, पगार, चावी, बटाटा, तुरुंग हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, म्हणून मराठी पोर्तुगीजेची लेक ठरत नाही. रचना सहसा कोणी उसनी घेत नाही. फादर स्टीफन्स ह्यांच्या डोळ्यांपुढे नेमके काय होते हे पत्रात दिलेले नाही. आम्ही आपला तर्क सांगतो. इंग्रजीत नामाला लिंग जवळजवळ नाहीच, पोर्तुगीजेत लिंगे दोन. पण लॅटिन व ग्रीक भाषांत तीन, आणि साष्टीच्या शेतकऱ्याच्या तोंडीही तीनच. नपुंसकलिंग हे जुने दागिने ठेवावे तसे मराठी, कोकणी व गुजराती ह्यांनी जपून ठेविले आहे. हिंदीने ते केव्हाच टाकिले. ज्या मुलाने लॅटिन व्याकरण छडीच्या धाकाने पाठ केले असेल, त्याला तो, ती, ते ऐकून आपल्या शाळेची आठवण झाली नसेल काय?

आता, साम्य दिसले, तरी ही भाषाकुटुंबे फुटून किती काळ झाला असावा, हा प्रश्न त्या काळी पडण्याजोगा नव्हता. कारण उत्तर आधीच ठरलेले होते. बाबेलच्या बुरुजाची कथा प्रत्येक धर्मगुरूस ठाऊक होती. १५८४ साली पोप ग्रेगरी तेरावे ह्यांच्या अधिकाराने निघालेल्या रोमन मार्टिरोलॉजी ह्या संतस्मरणाच्या ग्रंथात नाताळच्या घोषणेसाठी कालगणना दिलेली होती, तीत जगाची उत्पत्ती ख्रिस्तजन्मापूर्वी ५१९९ वर्षे व जलप्रलय २९५७ वर्षे मांडलेला होता. अर्थात फादर स्टीफन्स पत्र लिहीत होते तेव्हा प्रलयास सुमारे साडेचार हजार वर्षे झालेली, आणि पृथ्वीवरच्या झाडून साऱ्या भाषांची पांगापांग त्यानंतरची! आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही ही घोषणा वाचली तेव्हा तिच्यातील आकड्यांचा आम्हांस अचंबा वाटला होता. ख्रिस्तसभेने आता त्या घोषणेतून उत्पत्तीचा व प्रलयाचा आकडा काढून टाकिला आहे, आणि अगणित युगे लोटली अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. तो बदल उगाच झालेला नाही; त्यामागे विद्वानांचे तीन शतकांचे परिश्रम आहेत.

फादर स्टीफन्स ह्यांचे ते पत्र भावाच्या कागदपत्रांत राहिले व छापले गेले विसाव्या शतकात. त्यामुळे त्याचा उपयोग कोणास झाला नाही. येशूसंघातीलच फादर गास्तों कूर्दू ह्यांनी पाँडेचरीहून १७६७ साली संस्कृत, लॅटिन व ग्रीक ह्यांच्या नात्याविषयी एक विस्तृत टिपण फ्रान्सला पाठविले; तेही १८०८ पर्यंत पडून राहिले. कीर्ती मिळाली ती कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स ह्यांस. त्यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना, ह्या तिन्ही भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात व ती मूळ भाषा कदाचित आज अस्तित्वात नसेल, असे सांगितले. फादर स्टीफन्स ह्यांच्या पत्रानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी हा उद्गार निघाला. पुढे १८१६ साली जर्मन पंडित फ्रान्झ बॉप ह्यांनी धातुरूपांची पद्धतशीर तुलना केली, आणि ऑगस्ट श्लायखर ह्यांनी भाषांचा वंशवृक्ष काढून दाखविला. वृक्ष काढला म्हणजे फांदी कोणत्या उंचीवर फुटली हे विचारणे ओघाने येतेच.

ते ठरवावे कसे? सर्वांत भरवशाचा पुरावा तारीख असलेल्या लेखाचा. लॅटिन भाषा फुटून फ्रेंच केव्हा झाली, ह्याचे उत्तर देण्यास ख्रिस्तसभेचेच दप्तर उपयोगी पडते. ८१३ साली तूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना आज्ञा दिली की, प्रवचने लोकांच्या ग्रामीण रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत सांगावीत, म्हणजे ती सर्वांस समजतील. वेदीवरची लॅटिन बाकावर बसलेल्यांस कळेनाशी झाली होती, ह्याची ही कबुली आहे. आमच्या आधी बाराशे वर्षे एखादा धर्मगुरू प्रवचन करीत असता समोरचे चेहरे कोरे पाहून चरकला असेल, आणि त्या चरकण्यातून ही तारीख इतिहासास मिळाली.

लेख नसतील तेथे वस्तूंची साक्ष काढितात. बैलगाडीकडे पाहा. आपले चाक म्हणजे संस्कृत चक्र, ग्रीकांचे कुक्लोस व इंग्रजांचे व्हील. आपला आस म्हणजे अक्ष, लॅटिन आक्सिस. आपले जू म्हणजे युग, लॅटिन युगुम. आणि रथ व लॅटिन रोता हे सख्खे भाऊ. चाकाची गाडी जगात आली ती ख्रिस्तपूर्व ३५०० च्या आसपास, असे उत्खननावरून दिसते. मग ज्या भाषांत हे सारे शब्द नियमाने जुळतात, त्या भाषा गाडी माहीत होण्यापूर्वी फार दूर गेलेल्या नसाव्यात, हे अनुमान बळकट वाटते. तसेच, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील मितन्नी राजाच्या करारनाम्यात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य ह्या देवतांची नावे आली आहेत. त्यावरून आपल्या शाखेची भाषा त्यावेळी इराणी शाखेपासून निघून स्वतंत्र झाली होती, असे बहुतेक पंडित मानितात.

ह्यापलीकडे जाऊन नुसते शब्द मोजून वर्षे काढण्याची युक्ती मॉरिस स्वॉडेश नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९५० नंतरच्या काही वर्षांत पुढे आणिली. तेव्हा लाकूड व कोळसा ह्यांचे वय कार्बनाच्या ऱ्हासावरून काढण्याची रीत नुकतीच निघाली होती. तसेच काही भाषेचेही असावे असे त्यांना वाटले. मी, तू, पाणी, डोळा, हात, कुत्रा, झाड, मासा असे मनुष्यमात्राला लागणारे शंभर अर्थ त्यांनी निवडले. असे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत, आणि हजार वर्षांत त्यांपैकी शंभरात सुमारे ८६ टिकतात, असा त्यांचा अंदाज. दोन बहिणी वेगळ्या झाल्या म्हणजे दोघींकडूनही गळती होणार. म्हणून हजार वर्षांनी दोघींत समान असे सुमारे ७४ शब्द उरतील, दोन हजार वर्षांनी ५५. समान शब्द मोजा आणि वर्षे काढा, इतके हे सोपे.

हे वाचून आम्हांस मोह आवरला नाही. ती यादी घेऊन आम्ही आमच्या एका वृद्ध गोवेकर धर्मभगिनीच्या ओसरीवर जाऊन बसलो. हात, कान, दात, नाव, जीभ, रात्र ह्यांपाशी काही अडले नाही. डोळ्याला ती दोळो म्हणाली, तोही एकच शब्द. पण पाण्याला ती म्हणाली उदक. आता उदक आम्हांस अपरिचित आहे काय? संध्येपासून श्राद्धापर्यंत मराठी मुलखात तो शब्द आहे. मात्र तहान लागली असता कोणी उदक मागत नाही. कुत्र्याला ती सुणे म्हणाली. जुन्या मराठीत सुणे होतेच, आम्ही ते सोडिले. मासा म्हणजे नुस्ते. मोठा म्हणजे व्हड. आणि मी म्हणजे हांव. ह्या शेवटच्या शब्दात तर फार मौज आहे: कोकणीने संस्कृत अहम् ह्याचा वंशज जपला, आणि मराठीने मया ह्या तृतीयेच्या रूपापासून मी घडविला. म्हणजे ह्या एका ठिकाणी थोरपणाचा मान मागणाऱ्या पक्षाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. उलटपक्षी दुसऱ्या एखाद्या शब्दात मराठी जुनी निघेल. सर्वच बाबतींत थोरली अशी बहीण भाषांच्या घरात नसते.

असे दहाएक संशयाचे शब्द निघाले, तर काय होते ते पाहा. शंभरात ८० शब्द समान धरिले, तर स्वॉडेश ह्यांच्या गणिताने फारकतीस सुमारे ७४० वर्षे होतात. ७० धरिले, तर सुमारे ११८०. उदक आपले मानावे की परके, सुणे मोजावे की सोडावे, एवढ्या गोष्टीवर साडेचार शतके इकडची तिकडे! तेवढ्या अवधीत ज्ञानेश्वरीच्या आधीचा काळ आणि नंतरचा काळ, दोन्ही मावतात. म्हणून आमच्या मंडळीला शतक सांगण्याचा विचार आम्ही त्याच ओसरीवर सोडून दिला.

विद्वानांनीही हे घड्याळ तपासून पाहिले आहे. नॉर्वेचे बेर्गस्लंड व फोग्ट ह्यांनी १९६२ साली दाखवून दिले की, आइसलंडची भाषा हजार वर्षांत फारच थोडे शब्द टाकिते, आणि तिचीच बहीण नॉर्वेजियन कितीतरी अधिक. एक बहीण समुद्रातल्या बेटावर, दुसरी व्यापाराच्या रहदारीत. काळ दोघींस सारखा, झीज सारखी नाही. लाकडातल्या कार्बनाला शेजारी नसतात, भाषेला असतात. गोव्याचेच उदाहरण घ्या: १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, तशा दडपणाखाली राहिलेल्या भाषेचा वेग आणि पेशव्यांच्या दप्तरात वाढलेल्या मराठीचा वेग एकच मानावा, हे आम्हांस पटत नाही.

अलीकडे गणकयंत्रांच्या साहाय्याने, प्रत्येक फांदीचा वेग निराळा धरून, हिशेब करितात. न्यूझीलंडचे ग्रे व अॅटकिन्सन ह्यांनी २००३ साली इंडो-युरोपीय कुटुंब ७,८०० ते ९,८०० वर्षांपूर्वी फुटले असे काढले. २०१५ साली कॅलिफोर्नियाच्या पंडितांनी, ज्ञात पूर्वज भाषांना त्यांच्या जागी बसवून, ६,५०० च्या आसपासचा आकडा दिला, जो गाडीच्या साक्षीशी बरा जुळतो. २०२३ साली १६१ भाषांच्या आधारे पुन्हा सुमारे ८,१०० असा आकडा आला. यंत्रे तीच, शब्दही बहुतेक तेच, आणि उत्तरांत दीडदोन हजार वर्षांचे अंतर. ह्यांतील कोणताही आकडा घेतला, तरी साष्टीची बोली आणि फादर स्टीफन्स ह्यांची लॅटिन ह्यांची ताटातूट जुन्या घोषणेतल्या प्रलयाच्याही आधी जाते. गाडीच्या साक्षीवर आमचा विश्वास अधिक, हे आमचे खासगी मत. पंडितांनी ते मानावे असा आग्रह नाही.

आता फादर स्टीफन्स ह्यांच्या ग्रंथांकडे वळतो, कारण आमच्या घरच्या भांडणापुरता खरा पुरावा तेथे आहे. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचण्याची मनाई झाली, पण त्यांच्या जागी वाचावे असे काही हाती दिले गेले नाही. ही उणीव लोकांनी बोलून दाखविली, आणि ती फादरांच्या मनाला लागली. त्यांनी जुन्या व नव्या कराराची कथा ओवीबद्ध केली. दोन पुराणे, पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अध्याय, ज्यांस ते अवस्वर म्हणतात, आणि एकंदर सुमारे ११,००० ओव्या. देशी लिपीचे खिळे पाडून छापावे अशी त्यांची फार इच्छा होती व १६०८ साली त्यांनी संघाच्या प्रमुखांकडे तशी परवानगीही मागितली होती. ते घडले नाही, आणि १६१६ साली राशोल येथे ग्रंथ रोमन अक्षरांत छापून निघाला. कवीच्या मनाला हे खुपले असेल. पण भाषेचा इतिहास शोधणाऱ्यास रोमन लेखनाने एक लाभ झाला: चारशे वर्षांपूर्वीचे उच्चार परक्या कानाने जसे ऐकले तसे टिपले गेले.

ह्या पुराणाच्या प्रस्तावनेत फादर स्टीफन्स स्पष्ट सांगतात की, ग्रंथ मराठीत लिहिला आहे, अवघड शब्द सोडिले आहेत, आणि लोकांस कळावे म्हणून ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द मिसळिले आहेत. ब्राह्मणांची भाषा म्हणजे त्या काळी तेथील ख्रिस्ती धर्मगुरू जिला म्हणत ती, आपली कोकणी. तिलाच पोर्तुगीज लोक कानारी म्हणत, जरी कानडीशी तिचे कुळाचे नाते नाही. नावावरून नाते काढू पाहणारे कसे फसतात ह्याचा हा एक नमुना. ह्या दुसऱ्या भाषेत फादरांनी निराळा ग्रंथ रचिला, तो लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचा प्रश्नोत्तररूप ‘दौत्रीन क्रिस्तां’. आणि तिसरा ग्रंथ तिचे व्याकरण, जे हिंदी भाषांपैकी छापले गेलेले पहिले व्याकरण समजले जाते.

म्हणजे १६१६ पर्यंत ह्या दोन भाषा इतक्या वेगळ्या झालेल्या होत्या की, एका परदेशी पण जाणत्या माणसाने दोघींना दोन नावे दिली, दोघींसाठी दोन ग्रंथ केले, आणि एकीतून दुसरीत शब्द घेतले तेव्हा तसे कबूल केले. हा फारकतीचा अलीकडचा काठ पक्का झाला. पलीकडचा काठ धुक्यात आहे. श्रवणबेळगोळच्या जुन्या शिलालेखातील ओळ मराठीचे अभिमानी आपली म्हणून सांगतात व कोकणीचेही आपली म्हणून सांगतात; दोघांनाही ती सांगता यावी, ह्याचाच अर्थ त्या ठिकाणी बहिणी अजून एका पाळण्यात असाव्यात. अ. का. प्रियोळकरांसारखा साक्षेपी संशोधक कोकणीस मराठीची बोली मानीत असे, तर सु. मं. कत्रे ह्यांनी १९४२ साली तिच्या स्वतंत्र घडणीवर ग्रंथ लिहिला. सरकारदरबारी १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत बसली. तिचे वय त्या कायद्यांनी वाढले नाही व घटलेही नाही.

मात्र फादर स्टीफन्स ह्यांच्या दोन ग्रंथांतून आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते, जी शब्दांच्या मोजणीत येत नाही. वेगळ्या झालेल्या ह्या दोन भाषा एकाच गावात, एकाच माणसाच्या तोंडी नांदत होत्या. साष्टीचा गृहस्थ घरात व पापनिवेदनाला कोकणी बोले, आणि मंदिरात पुराण ऐकायला बसला की मराठी ऐके व रडेही. वंशवृक्षाच्या चित्रात फुटलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींना गुंतत नाहीत. साष्टीत त्या गुंतलेल्या होत्या. कोणता शब्द वारशाने आला आणि कोणता शेजारणीकडून, हे तेथे ठरविताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, आणि वर्षांचा हिशेब चुकतो तो बहुधा ह्याच ठिकाणी.

फादर स्टीफन्स काही काळ साष्टीतील महाविद्यालयाचे रेक्टर होते. परंतु अधिकाराच्या जागांपेक्षा खेड्यातील मंदिरांतच त्यांचा अधिक काळ गेला. इसवी सन १६१९ मध्ये, सुमारे सत्तर वर्षांचे असता, त्यांचे गोव्यातच देहावसान झाले. पुराणाची छापील प्रत त्यांनी हाती घेतली होती. कोकणी ग्रंथांचे भाग्य तसे नव्हते. ‘दौत्रीन क्रिस्तां’ राशोलच्या छापखान्यातून १६२२ साली निघाला. व्याकरणात फादर दियोगु रिबेरु ह्यांनी भर घातली, इतर चार फादरांनी ते तपासले, आणि १६४० साली ते छापले गेले. पुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे असल्याचे ठाऊक नाही; हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालदान्य ह्यांनी ते पुन्हा उभे केले. नागरी अक्षरांतील एक जुने हस्तलिखित लंडनला आहे, आणि नागरीत छापलेले पुराण पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ साली काढिले. कोकणी पुस्तकाची हुबेहूब प्रतिकृती लिस्बन येथे मारियानो सालदान्य ह्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली.

ह्या दोन्ही ग्रंथांतील काही पाने आम्ही शेजारी शेजारी ठेवून त्या दोघा स्नेह्यांस वाचावयास दिली आहेत. मराठी वाचणारा कोकणी पानावर पाचव्या ओळीला अडतो, कोकणी वाचणारा मराठी पानावर सातव्या ओळीला. मग ज्याला अडले तो दुसऱ्याला विचारतो. स्मरणिकेत चार कोकणी लेख घेण्याचे समितीने ठरविले आहे, आणि त्यांतील मुद्रणाच्या चुका तपासण्याचे काम त्या दोघांकडे सोपविले आहे.